तार खाणारा हात

लग्नात किंवा गणपतीसमोर गाणं रंगात आलेलं असताना मध्येच 'टण्' असा आवाज होतो आणि गिटार लंगडी पडते, तेव्हा तुम्ही आधी कुठे बघता? वाद्याकडे की वाजवणाऱ्याच्या हाताकडे?

खरं उत्तर द्या. मी स्टेजच्या कडेला उभा राहून तुमच्या नजरा बघितल्या आहेत. तार तुटली की नजर हातावर जाते, हातावरून चेहऱ्यावर जाते आणि चेहऱ्यावरून मागच्या माणसाच्या कानाशी जाते. "कोनाची हाय बे ती पोरगी?" हा प्रश्न मी माजलगाव तालुक्यातल्या किती गावांत ऐकला असेल, त्याची मोजदाद ठेवलेली नाही.

आमची वादकांची सहकारी संस्था आहे. एका जुन्या दुष्काळात बँडवाले, बँजोवाले, ऑर्केस्ट्रावाले एकमेकांच्या सुपाऱ्या, म्हणजे ठरलेले कार्यक्रम, पळवायला लागले होते. भांडून भांडून थकल्यावर चार शहाण्या माणसांनी सगळ्यांना तेलगावच्या एका पत्र्याच्या खोलीत बसवलं आणि संस्था काढली. वाद्यं संस्थेची, सुपाऱ्या वाटून घ्यायच्या, एका माणसाला एक मत. मी तिथे तारवाला आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा निवडायच्या, आणायच्या, चढवायच्या, सुरात लावायच्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांच्याकडे कान लावून बसायचं. लोकांना वाटतं हे निवांत काम आहे. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत माझा हात खिशातल्या सुट्या तारेवर असतो.

या कामात मी आलो तो संस्थेच्या प्रेमामुळे. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील ऊसतोड कामगारांच्या सभांची पत्रकं वाटायचे, उरलेली घरी आणायचे, आणि मी त्यांवरून अक्षरं शिकलो. त्यामुळे छापलेली ओळ दिसली की ती कुणी छापली आणि कशासाठी, हे विचारायची खोड लागली. आमचे अध्यक्ष नाना स्वतः ढोलकीवाले. ते मला आजही 'पत्रक्या' म्हणतात. तारांच्या पाकिटांवर काय काय लिहिलेलं असतं! 'दीर्घायुषी', 'सोनेरी नाद', 'थोरामोठ्यांची पसंती'. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आणि तारांच्या पाकिटात मला फार फरक वाटत नाही. दोन्ही फोडल्यावरच कळतं आत काय आहे.

ज्यांनी गिटार जवळून बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गिटारला सहा तारा. वरच्या सुरांच्या तीन तारा नुसत्या पोलादाच्या, बिनवेढ्याच्या. खालच्या सुरांच्या तीन तारांवर आणखी एक बारीक तार गुंडाळलेली असते. इलेक्ट्रिक गिटारच्या तारेत लोह असावंच लागतं, कारण तारेखालच्या चुंबकाला तिचं थरथरणं कळतं आणि तेच भोंग्यातून बाहेर येतं. सगळ्यात बारीक तार तीन-चार केसांएवढी जाड असते, आणि सगळं दुःख तिचंच. ती कुठे तुटली एवढं मला सांगा, का तुटली ते मी सांगतो. खुंटीपाशी तुटली तर चढवताना वेढे चुकले, म्हणजे दोष माझा. घोडीपाशी, म्हणजे तार ज्या पट्टीवर टेकते तिथे तुटली, तर पट्टीला कड आलेली आहे, ती कानशीने घासायची. आणि मध्येच, बोटं पडतात तिथे तुटली, तर तारेला गंज खातोय.

त्या वर्षी सविताताईंच्या तारा मध्येच तुटत होत्या.

सविताताई आमच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायच्या. वडील संस्थेत हलगीवाले होते. मुलगी बापाबरोबर यायची, कोपऱ्यात बसायची, आणि मास्तर नावाच्या आमच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याने तिच्या हातात कधी वाद्य दिलं ते कुणालाच आठवत नाही. मास्तर आता नाहीत. मास्तरांचा एक नियम होता, वाद्याला हात लावायच्या आधी हात धुवायचे. ते म्हणायचे, "आपल्या हाताला नावं ठेवणारे लई हायेत पोरी. हात असा धुवायचा की बोट दाखवायला जागा राहू नये." बाकीच्यांनी तो नियम पाणी कमी झालं तसा सोडून दिला. सविताताईंनी सोडला नाही. प्रत्येक बैठकीआधी त्या कोपरापर्यंत हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि मग गिटार मांडीवर घ्यायच्या.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हणायचा. पोळ्याला बैलांना धुवायला नदीत पाणी नव्हतं, आणि गणपती विसर्जनाचा प्रश्न गावोगाव चर्चेला आला होता. दिंद्रुडच्या गणेश मंडळापुढे आमचा कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्यात सविताताईंची बारीक तार तुटली. मी पळत जाऊन दुसरी चढवली. अर्ध्या तासात तीही तुटली. मंडळाचा कार्यकर्ता मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बाई मानूस आनलं की असं व्हतंय."

मी त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नानांनी मला दंडाला धरून मागे नेलं.

पुढच्या दोन गावांतही तसंच झालं. संस्थेत एक शब्द फिरायला लागला, 'तार खाणारा हात'. हा शब्द आमच्या धंद्यात जुना आहे, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. काही माणसांचा घाम जास्त खारट असतो, त्यांच्या हाताखाली तारा लवकर काळ्या पडतात. पण तो शब्द एखाद्याला चिकटला की सुटत नाही. समितीच्या बैठकीत ठरलं की दसऱ्यापर्यंत बघायचं. तारा तुटायच्या थांबल्या नाहीत तर सविताताईंना ऑर्केस्ट्रातून काढून संस्थेतला दुसरा गिटारवाला, बाबू, याला घ्यायचं.

दसऱ्यापर्यंत याचा अर्थ आमच्याकडे लहान मुलालाही कळतो. दसरा झाला की ऊसतोडीच्या गाड्या निघतात. सविताताईंचे यजमान अनिलभाऊ दरवर्षी तोडीला जायचे, पण एकटे, ट्रॅक्टर भरायच्या टोळीत. टोळ्या जमवणाऱ्या मुकादमाला हवी होती जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार. सविताताईंचं वाजवणं सुटलं असतं तर त्या जोडीत गेल्या असत्या, आणि त्यांची मुलगी मनीषा शाळा सोडून त्यांच्याबरोबर कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत, राहिली असती. मुकादमाने अनिलभाऊंना तेलगावच्या चौकात गाठून विचारलंही होतं, "मंग? बायको येनार हाय का न्हाई यंदा? मला जागा धरून ठेवावी लागती."

मला एकच गोष्ट करता येण्यासारखी होती. तारा बदलून बघणं.

पितृपक्षात कुणी कार्यक्रम ठेवत नाही, म्हणून आमच्याकडे रिकामा वेळ होता. मी तीन प्रकारची पाकिटं मिळवली. नावं मुद्दाम लिहीत नाही. कुणाची फुकट जाहिरात करायची नाही आणि फुकट बदनामीही. लाल पाकीट परदेशी, बाजारात सगळ्यांत प्रतिष्ठेचं, ज्याच्या नकलाही तितक्याच मिळतात. निळं पाकीटही परदेशी, त्यातल्या तारांवर पातळ लेप असतो, गंज रोखण्यासाठी. आणि पिवळं पाकीट देशी. कागद असा की हाताला शाई लागते, पण आतली तार सरळ आणि एकसारखी.

नाना म्हणाले, "आवाजाचा निकाल आधी लावा. नाहीतर म्हनतील पत्रक्यानं आपल्या मनाचं केलं."

सभासद बोलावले. पण पाकिटाचा रंग दिसला की कानाला तेच ऐकू येतं, हे मला माहीत होतं. मग बाबूने कपाटातून आंतरपाट काढला. लग्नाच्या सुपारीत कधी यजमान विसरतात म्हणून संस्था स्वतःचा एक ठेवते. दोघांनी तो दोन टोकांना धरला, मागे सविताताई तीन सारख्या गिटारी घेऊन बसल्या आणि पुढे सगळे सभासद मांडी घालून.

"पित्रं चालू असताना कोनाचं लगीन लावायलास बे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तुझंच राहिलंय. उठ, हार आन," नाना म्हणाले.

सविताताईंनी एकच धून तीनदा वाजवली. हात वर करून मतदान झालं, तिन्हींना जवळपास सारखी मतं पडली. बाबू तर छातीवर हात ठेवून म्हणाला, "दुसरी. दुसरी म्हंजी लालच. हा नाद मला झोपंतबी वळखू येतो." आंतरपाट खाली आला. दुसरी गिटार पिवळ्या पाकिटाची होती. आठवडाभर बाबू कुठेही दिसला की लोक विचारायचे, "काय बाबूशेट, झोप लागती का?"

आवाजात म्हणण्यासारखा फरक नव्हता. लाल थोडी जास्त चकचकीत, निळी बोटाला थोडी निसरडी, पिवळी थोडी मऊ. तुमच्या मांडवात, भोंग्यातून, ढोल वाजत असताना हा फरक ओळखणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

खरी परीक्षा टिकण्याची होती. सविताताईंना तिन्ही गिटारी दिल्या, बाबूला तशाच तीन, तशाच तारांच्या. रोज दोघांनी सारखा वेळ वाजवायचं, संस्थेच्याच खोलीत, माझ्यासमोर. मी रोज सकाळी पांढऱ्या फडक्याने तारा पुसायचो आणि फडकं उजेडात धरायचो.

सविताताईंची लाल आधी डागाळली. मग पिवळी. निळी जास्त टिकली, पण तिचा लेप बोटांखाली खरवडून निघाल्यावर तीही तपकिरी पडली. बाबूच्या तिन्ही गिटारींच्या तारा जशाच्या तशा. पिवळीसुद्धा आरशासारखी.

मी पाकिटांमध्ये दोष शोधत होतो आणि माझ्याच परीक्षेने सगळ्या पाकिटांना निर्दोष सोडून एकाच माणसाला आरोपी केलं होतं. हे मी प्रामाणिकपणे सांगितलं असतं तर सविताताई गेल्या असत्या. लपवलं असतं तर पत्रकांवर वाढल्याचा काही उपयोग नव्हता.

मी नानांना खरं ते सांगितलं. नानांनी ढोलकीच्या शाईवर बोट फिरवलं. "मंग तिला सांगावं लागल," ते म्हणाले.

सांगायला मीच गेलो. खोलीत सविताताई होत्या, बाबू होता, आणखी दोघेतिघे. सविताताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कळलंय भाऊ. फडकं मीबी बगितलंय." मग त्या उठल्या आणि मागच्या नळावर गेल्या. वाजवायचं नव्हतं तरी सवयीने हात धुवायला लागल्या.

बाबू स्वभावाने वाईट नाही. पण अशा शांततेत त्याला बोलल्याशिवाय राहवत नाही. तो म्हणाला, "मह्या तारा कावून टिकतेत, सांगू का? मी हातच धुत न्हाई!"

सगळे हसले.

मी हसलो नाही. मी नळाकडे बघत होतो. संस्थेचा नळ म्हणजे बोअरचा. त्या वर्षी पाणी इतकं खोल गेलं होतं की जे यायचं ते मचूळ, तोंडात धरवत नव्हतं. बादलीच्या काठावर पांढरा थर बसायचा. चहाला आम्ही जारचं पाणी आणायचो. हात धुवायला बोअरचं. आणि त्या बोअरच्या पाण्याने दिवसातून अनेकदा कोपरापर्यंत हात धुणारी आमच्यात एकच व्यक्ती होती.

मी एका बशीत नळाचं पाणी घेतलं, दुसरीत जारचं. दोन्हींत पिवळ्या पाकिटातली एकेक बारीक तार बुडवली, बाहेर काढली आणि न पुसता खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं, तिसऱ्या दिवशीही. घरी जेवताना मला त्या बशा दिसत होत्या. माझं चुकलं असतं तर हातात दुसरं काही उरलं नव्हतं. शेवटी नळाच्या पाण्यातल्या तारेवर लाल पुटकुळ्या आल्या. जारच्या पाण्यातली तार नुसती मळकट झाली.

नानांना बशा दाखवल्या. ते म्हणाले, "आरं, गावात गेलो की आपल्याला हात धुवायला काय देतेत?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्या प्रकाशात मला रागाने काही दिसेना. प्रत्येक गावात पाहुण्यांसाठी जार असायचे, पत्रावळीच्या रांगेशेजारी थंड पाणी असायचं. आणि वाजवणाऱ्यांना मांडवामागच्या बोअरच्या टाकीकडे बोट दाखवलं जायचं. जनावरांना, भांड्यांना आणि आम्हाला एकच टाकी. आमच्यातल्या बहुतेकांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं की आम्ही ते पाणी कधी चाखलंही नव्हतं. ते चाखत होत्या त्या तारा.

मी पुढच्याच बैठकीत ठराव मांडायला निघालो. यापुढे सुपारी घेताना अट घालायची, वाजवणाऱ्यांना हात धुवायला पिण्याचं पाणी. मी मुद्दे काढले, आवाज चढवला, पत्रकच छापायचं म्हणालो.

सविताताईंनी मला मध्येच थांबवलं. "प्यायचं पानी? हातावर वतायला?"

"हक्क आहे आपला."

"भाऊ, मही माय रोज टँकरमागं पळती. पाइप धरायला बाया एकमेकीच्या झिंज्या धरतेत. अन् मी तेच पानी हातावरून मातीत सांडू? मंग मी तोडीला गेलेली बरी."

पत्रकात असं वाक्य मी कधी वाचलं नव्हतं.

"मग हात धुणं सोडा," बाबू म्हणाला. या वेळी तो चेष्टा करत नव्हता. "मह्यासारखं. पँटीला पुसायचे."

"ते जमनार न्हाई," त्या म्हणाल्या. "मास्तर गेलेत, मी हाय ना."

दोन्ही बाजू बंद झाल्या. दसरा जवळ येत होता. नवरात्रातल्या एका कार्यक्रमात परत तार तुटली, आणि समितीतले दोघे मला टाळायला लागले. त्या दिवसांत मी सहा तारा नव्हे, एकच बारीक तार ऐकत जगत होतो. सायकलची चेन वाजली तरी दचकायचो.

तोड सविताताईंनीच काढली. एक दिवस त्यांनी स्वतःच्या घरून पितळेचं फुलपात्र आणलं. त्यात जारचं पाणी अर्ध्याहून थोडं जास्त घेतलं. सुती फडक्याचं टोक त्यात बुडवलं, पिळलं, आणि एकेक बोट, पेराची घडी, नखाची कड, तळहात, मनगट असं पुसत नेलं. मग कोरड्या फडक्याने पुन्हा. मास्तरांनी बघितलं असतं तर मान हलवली असती. उरलेलं पाणी त्यांनी दारातल्या शेळीपुढे ठेवलं. शेळीने ते संपवलं.

"झालं की धुनं," त्या म्हणाल्या. "सांडलं कुठं?"

आता ते कार्यक्रमात करून बघायचं होतं, आणि उरला होता दसऱ्याच्या मुहूर्तावरचा एकच कार्यक्रम. एका सहकारी साखर कारखान्याचं मोळीपूजन. गळीत हंगाम सुरू करताना उसाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, टाकतात, तो समारंभ. ऊस करपलेला होता, हंगाम किती चालेल याचा भरवसा नव्हता, पण मंडप दरवर्षीएवढाच मोठा होता. सविताताईंच्या गिटारला मी पिवळ्या पाकिटातल्या नव्या तारा चढवल्या. निळ्या चढवाव्यात असं एक मन म्हणत होतं. पण मग श्रेय लेपाला गेलं असतं आणि हात आरोपीच राहिला असता.

नाना माझ्या कानाशी म्हणाले, "आज तुटली तर मला समितीपुढं तोंड उघडता यायचं न्हाई. मुकादम हितंच फिरायलाय, बग." मुकादम खरंच होता, अनिलभाऊंशेजारी, दात कोरत.

आणि फुलपात्र रिकामं होतं. आमच्या टेम्पोतला जार वाटेत आपटून फुटला होता.

मी संयोजकाकडे गेलो. "फुलपात्रभर पिण्याचं पाणी पाहिजे. हात पुसायला."

"मागं टाकी हाय ना."

"टाकीचं नको. पिण्याचं."

"ते पाव्हन्यांचं हाय," तो म्हणाला आणि दुसरीकडे वळला.

व्यासपीठावर पांढऱ्या कापडावर पाण्याच्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. पाहुणे बसत होते, हारांच्या टोपल्या आल्या होत्या. मी पायऱ्या चढलो, पहिली बाटली उचलली आणि उतरलो. "ए! ए पोरा! कुठं नेतो?" कुणीतरी ओरडलं. दोघे माझ्यामागे आले. सगळा मंडप आमच्याकडे बघायला लागला.

सविताताईंनी बाटली माझ्या हातून घेतली. फुलपात्रात अर्ध्याहून थोडं जास्त पाणी ओतलं. झाकण घट्ट बसवलं. आणि मग, मी कल्पनाही केली नव्हती, त्या स्वतः पायऱ्या चढून व्यासपीठावर गेल्या आणि बाटली मुख्य पाहुण्यांसमोर जिथे होती तिथे परत ठेवली.

"एवढंच लागत होतं," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमचं. प्या."

पाहुण्यांनी बाटलीकडे बघितलं, सविताताईंकडे बघितलं, आणि काय करावं न सुचून हात जोडले. मंडपात मागे बसलेल्या तोडकऱ्यांमधून कुणीतरी शिट्टी मारली.

त्या खाली येऊन बसल्या. सावकाश बोटं पुसली. एकेक. सगळे बघत होते आणि त्यांनी घाई केली नाही.

मग वाजवलं. गिटारवाला वरच्या सुरावर तार बाजूला ओढतो, सूर रडका होत वर चढतो, तेव्हा तारेवर सगळ्यात जास्त ताण येतो. दिंद्रुडला तिथेच तुटली होती. त्या जागी आल्यावर सविताताईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तार ओढली. नेहमीपेक्षा जास्त ओढली. मी डोळे मिटले. सूर चढला, तिथे थांबला, थरथरला आणि खाली आला.

शेवटच्या गाण्यापर्यंत तार तुटली नाही. मुकादम मध्येच कधीतरी निघून गेला. अनिलभाऊ त्या हंगामातही एकटे टोळीत गेले, आणि मनीषा गावातल्या शाळेत राहिली.

लोक विचारतात, मग कुठलं पाकीट चांगलं? बाहेरगावी फार फिरणाऱ्याने निळं घ्यावं, लेप असेतो काळजी कमी. ज्याला चमकदार नाद आवडतो आणि नक्कल ओळखता येते त्याने लाल घ्यावं. आमची संस्था पिवळं घेते. तारा कार्यक्रमानंतर कोरड्या फडक्याने पुसा, खालूनसुद्धा, म्हणजे कुठलंही पाकीट तुम्हाला दगा देणार नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. मी संस्थेत येण्याआधीच्या दुष्काळात उत्तम नावाचा एक गिटारवाला होता. त्याचाही हात तार खातो म्हणून त्याला काढलं होतं. तोही मास्तरांचाच शिष्य, म्हणजे तोही हात धुणारा. मी त्याला शोधत गेलो. तो तोडीवरून नुकताच आला होता, कोयता उशाला. मी सगळं सांगितलं, बशांचं, पाण्याचं. त्याने स्वतःचे दोन्ही पंजे उलटसुलट करून बघितले.

"म्हंजी हात चांगला होता," तो म्हणाला.

मी त्याला परत यायला सांगितलं. त्याने बोटं मिटायचा प्रयत्न करून दाखवला. कोयत्याच्या मुठीएवढी मिटत होती, त्याहून जास्त नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर मांडव पडेल आणि दारात वाजवणारी माणसं येतील. माझी तुमच्याकडे एक मागणी आहे. टाकीकडे बोट दाखवू नका. एक फुलपात्र घ्या, तुम्ही पिता त्याच पाण्याने अर्ध्याहून थोडं जास्त भरा, वर एक स्वच्छ फडकं ठेवा, आणि ते स्वतः त्यांच्या हातात द्या.